केकवरची मिशी पुरे झाली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाढदिवसाच्या केकच्या सजावटीवर पुरवण्यांमध्ये लेख येतात, तेव्हा मुलांसाठी कल्पनांचा पाऊस असतो आणि पुरुषांच्या वाट्याला त्याच चार गोष्टी येतात: मिशी, टाय, शर्टाची कॉलर आणि बाटली. रंग निळा, नाहीतर काळा. छायाचित्र देखणं असतं, पण ती सजावट कोणत्या आवरणावर उभी आहे, याचा उल्लेखच नसतो. वाचक घरी व्हिप क्रीमचा केक करतात, त्यावर फॉन्डंटचा (साखरेच्या लाटता येणाऱ्या गोळ्याचा) टाय चिकटवतात, केक फ्रिजमध्ये ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत टाय घसरत बोर्डवर येतो. यात हाताचा दोष नसतो. फॉन्डंट म्हणजे जवळजवळ सगळी साखर. ती क्रीममधलं पाणी ओढून घेते, खालच्या बाजूला चिकट पाक होतो आणि तुकडा स्वतःच्या वजनाने खाली येतो. कल्पना छापायची आणि आवरण सांगायचं नाही, म्हणजे भाजी सांगून फोडणी गाळण्यासारखं आहे. म्हणून आवरणापासूनच सुरुवात करते.

व्हिप क्रीम चवीला हलकं आणि घरोघरी सोपं, पण ते वजन पेलत नाही. त्यावर चॉकलेटचे पातळ तुकडे, फळं आणि नोझलची नक्षी चालते. फॉन्डंट चालत नाही. लावायचंच असेल तर फॉन्डंटच्या तुकड्याच्या मागच्या बाजूला ब्रशने वितळलेल्या कंपाउंड चॉकलेटचा (कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असलेल्या चॉकलेटचा) पातळ हात द्यावा, तो सुकू द्यावा आणि तुकडा केक कापण्याच्या तासाभर आधी ठेवावा. चॉकलेटचा थर पाणी अडवतो. बटरक्रीम (२५० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ५०० ग्रॅम आयसिंग शुगर, दोन मोठे चमचे दूध) थंड झालं की घट्ट होतं, त्यामुळे त्यावर थरांवर थर देता येतात. सगळ्यात भरवशाचं गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेलं चॉकलेट: आवरणासाठी डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग. मिल्क चॉकलेटला अडीच ते तीन भाग आणि व्हाइटला तीन भाग चॉकलेट घ्यावं लागतं, कारण त्यांत कोको कमी असल्याने ती तितकी घट्ट होत नाहीत. २० सेंमी व्यासाच्या आणि १० सेंमी उंचीच्या केकला बाहेरून साधारण अर्धा सेंमीचा थर द्यायला ४०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि २०० ग्रॅम क्रीम पुरतं.

आवरण कोणतंही असो, आधी क्रम्ब कोट द्यावा. केकचा चुरा धरून ठेवणारा पातळ थर देऊन केक २०-३० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा आणि मगच शेवटचा हात फिरवायचा. हे टाळलं तर गडद रंगाच्या केकवर पांढरट चुरा आणि पांढऱ्यावर तपकिरी चुरा हमखास दिसतो.

आता कल्पनांकडे. पुरुषाचा केक म्हणून वेगळं काही शोधण्यापेक्षा तो माणूस रिकाम्या वेळात काय करतो, ते बघावं आणि त्यातली एकच वस्तू किंवा एकच पोत केकवर आणावा. गिटार, चष्मा, गाडी, कॅमेरा आणि फुटबॉल असं सगळं एकाच केकवर मांडलं की तो खेळण्यांच्या दुकानाचा काउंटर होतो.

गाणी ऐकणाऱ्यासाठी ग्रामोफोनची तबकडी घ्या. हा केक इतका सोपा आहे की कुणी करत कसं नाही, याचंच नवल वाटतं. डार्क गनाश आधीच पुरेसं काळपट असतं, वेगळा रंग लागत नाही. केकच्या माथ्यावर गनाश सपाट करून ते पावाला लावायच्या लोण्याइतकं मऊ असताना साधा काटा धरायचा, त्याची टोकं जेमतेम टेकवायची आणि केकखालचं फिरतं टेबल (टर्नटेबल) एक पूर्ण फेरी फिरवायचं. हात हलवायचा नाही, टेबल फिरवायचं. मग काटा आत सरकवून पुढचा पट्टा. दोन पट्ट्यांमध्ये तीन मिमी जागा गुळगुळीत सोडली की ती दोन गाण्यांमधल्या मोकळ्या जागेसारखी दिसते. एका बाजूला पाच-सहा गाणी धरून तेवढे पट्टे करावेत. गनाश फार मऊ असेल तर रेघा मिटून जातात, फार घट्ट असेल तर कडांचे तुकडे उडतात. मऊ असेल तर पाच मिनिटं फ्रिज, घट्ट असेल तर हेअर ड्रायरची दुरून जराशी ऊब. खऱ्या मोठ्या तबकडीचा व्यास ३० सेंमी आणि मधल्या लेबलचा साधारण १० सेंमी असतो, म्हणजे एक तृतीयांश. तेव्हा २० सेंमीच्या केकवर लेबल साडेसहा ते सात सेंमीचंच हवं. ते मोठं झालं की तबकडीची बशी होते. लेबल फॉन्डंटचं, मधलं भोक स्ट्रॉने पाडलेलं, आणि लेबलवर फक्त नाव आणि साल.

डोंगरात भटकणाऱ्यासाठी बुटांची जोडी आणि तंबू करण्यापेक्षा केकच्या कडेने डोंगररांगा फिरवाव्यात. यासाठी बटरक्रीमच हवं. पूर्ण केक आधी फिक्या आकाशी-पांढऱ्या रंगाने झाकून थंड करायचा. मग ३०० ग्रॅम बटरक्रीममध्ये निळा आणि अगदी किंचित काळा जेल कलर घालून पहिली, सगळ्यात फिकी छटा करायची. तिचा तिसरा हिस्सा काढून घ्यायचा, उरलेल्यात आणखी रंग, त्यातला अर्धा काढायचा, उरलेल्यात आणखी रंग. एकाच भांड्यातून निघाल्यामुळे तिन्ही छटा एका घरातल्या वाटतात. वेगवेगळ्या कालवल्या तर एक जांभळट आणि एक हिरवट होऊन बसते. फिकी रांग सगळ्यात मागची, म्हणून तिची वरची कड तळापासून सात-आठ सेंमीवर. मधली पाच सेंमीवर. गडद रांग तीन सेंमीच्या आत. प्रत्येक रांगेनंतर पंधरा मिनिटं फ्रिज, नाहीतर पॅलेट नाइफला (क्रीम पसरायच्या बोथट सुरीला) खालचा रंग लागतो. दूरच्या रांगेची रेषा संथ ठेवावी, जवळची खडबडीत. सगळी शिखरं सारख्या उंचीची झाली की डोंगर दिसत नाहीत, करवत दिसते. त्याने चढलेलं एखादं विशिष्ट शिखर असेल तर फोटोवरून त्याची बाह्यरेषा पुठ्ठ्यात कापून घ्यावी आणि थंड झालेल्या आवरणावर हलकेच दाबून खूण करावी. ओळखणारा लगेच ओळखतो.

लाकूडकामाची आवड असलेल्यासाठी, किंवा ज्याचं हत्यारांचं कपाट कुणी उघडलेलं चालत नाही अशा गृहस्थासाठी, चॉकलेटच्या फळ्या. फळ्यांना पाण्याची भीती नाही, त्यामुळे हा प्रकार व्हिप क्रीमवरही उभा राहतो. २० सेंमी व्यासाच्या केकचा घेर सुमारे ६३ सेंमी, आवरण धरून थोडा जास्त. तीन सेंमी रुंदीच्या २२ फळ्या लागतात. मोडतोडीसाठी तीन-चार जास्तीच्या कराव्यात. उंची केकपेक्षा एक सेंमी जास्त, म्हणजे ११. जाडी तीन मिमी. सगळं मिळून ३५० ग्रॅम चॉकलेट पुरतं. बटर पेपरवर आधी वितळलेल्या डार्क कंपाउंडचे राठ ब्रशने लांबच लांब फटकारे मारायचे, मध्येच एखाद्या ठिकाणी ब्रश गोल फिरवून गाठ काढायची आणि हे सुकू द्यायचं. त्यावर मिल्क कंपाउंड ओतून पसरायचं. ते हाताला जेमतेम कोमट लागलं पाहिजे; गरम ओतलं की खालचे फटकारे विरघळून सगळं एकरंगी होतं. कागदाकडची बाजू ही दर्शनी बाजू, रेषा तिथेच उमटतात.

कापायची वेळ मात्र नेमकी साधावी लागते. बोट टेकवल्यावर ठसा उमटतो पण चॉकलेट बोटाला लागत नाही, त्या क्षणी पट्टी ठेवून सुरीने आरपार रेघा मारायच्या. तुकडे लगेच सोडवायचे नाहीत, पूर्ण घट्ट होऊ द्यायचे आणि मग कागद मागून सोलायचा. उशीर झाला आणि चॉकलेट कडक झाल्यावर सुरी लावली तर ते हवं तिथे तुटत नाही, त्याला वाटेल तिथे तुटतं. कंपाउंडऐवजी खरं चॉकलेट वापरायचं तर टेम्परिंग करावं लागेल: डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंश सेल्सिअसला वितळवून २७-२८ पर्यंत खाली आणायचं आणि ३१-३२ ला काम करायचं. हे टाळलं की फळ्यांवर पांढरट डाग येतात आणि हात लागताच त्या मऊ पडतात. फळ्या एकमेकींना खेटून, किंचित खालीवर लावाव्यात. अगदी एका रेषेत लावल्या तर लाकूड वाटत नाही, प्लास्टिक वाटतं.

त्यावर हातोडी, पाना, नट-बोल्ट हवे असतील तर फॉन्डंटपेक्षा मॉडेलिंग चॉकलेट कितीतरी बरं, कारण ते लोक खातात. फॉन्डंटची हातोडी बहुतेक वेळा ताटलीच्या कडेलाच राहते. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवून कोमट करायचं, त्यात ८० ग्रॅम कोमट लिक्विड ग्लुकोज घालून स्पॅच्युलाने हलक्या हाताने कालवायचं. मिश्रण भांड्याची बाजू सोडून गोळा होऊ लागलं की थांबायचं. आणखी दोन-चार वेळा ढवळण्याचा मोह झाला की तूप सुटतं आणि गोळा रवाळ होतो. क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर बाहेरच ठेवायचं, सकाळी मळून वापरायचं. हाताच्या उबेने मऊ पडतं, म्हणून एकावेळी लिंबाएवढाच गोळा घ्यावा.

बुद्धिबळ खेळणाऱ्यासाठी पट. २० सेंमीच्या चौकोनी केकवर चारी बाजूंनी दोन सेंमी सोडले की १६ सेंमीचा पट उरतो आणि घरं बरोबर दोन-दोन सेंमीची येतात. आवरण पांढरं, त्यावर पट्टीच्या कडेने रेघा, आणि दोन मिमी जाडीच्या डार्क चॉकलेटचे फक्त ३२ चौकोन. साठ ग्रॅम चॉकलेट खूप झालं. खेळाडूच्या उजव्या हाताच्या जवळच्या कोपऱ्यात पांढरं घर येतं, डाव्या हाताला काळं. हे उलटं झालं तर बाकी कुणाला कळणार नाही, पण ज्याचा वाढदिवस आहे त्याला पहिल्या नजरेत कळेल. सगळे ३२ मोहरे मांडण्याचा अट्टहास नको. सहा पुरतात: कडेच्या ओळीत कोपऱ्यापासून दुसऱ्या घरात काळा राजा, त्याच्या पुढ्यातल्या तीन घरांत त्याचीच तीन प्यादी, त्याच कडेच्या ओळीत मध्ये दोन रिकामी घरं ठेवून पांढरा हत्ती, आणि लांब पलीकडे पांढरा राजा. मात झालेली आहे आणि ती खरी आहे. पांढऱ्या घरात मोहरा ठेवायचा असेल तर त्याच्याखाली व्हाइट चॉकलेटची पातळ चकती हवी, नाहीतर तो क्रीममध्ये रुततो.

वर्तमानपत्राला लिहीत आहे म्हणून हेही सांगते: वडीलधाऱ्यांसाठी केकवर वर्तमानपत्राचं पहिलं पान छापून घेण्याची कल्पना चांगली आहे, फक्त बारीक मजकूर टाळावा. खाण्याची शाई किंचित पसरते. मथळे वाचता येतात, बातमी नाही. छपाई आयसिंग शीटवर, म्हणजे साखरेच्या पातळ खाण्याच्या पानावर घ्यावी. वेफर पेपर (स्टार्चचा खाण्याचा कागद) स्वस्त पडतो, पण ओल्या क्रीमवर सुरकुततो. शीट बटरक्रीमवर किंवा गनाशवर नीट बसते. केक व्हिप क्रीमचा असेल तर शीट आधी व्हाइट चॉकलेटच्या पातळ पाटीवर चिकटवावी आणि पाटी केकवर शेवटी ठेवावी.

रंगांत सगळ्यात जास्त घोटाळे पुरुषांच्याच केकवर होतात, कारण मागणी काळा, निळा आणि राखाडी यांचीच असते. पांढऱ्या बटरक्रीमला काळं करायला निघालं तर रंगाची अर्धी बाटली संपते, चव कडू होते आणि पाहुण्यांचे दात निळे-काळे होतात. सुरुवात चॉकलेट बटरक्रीमपासून करावी, काळा जेल कलर बेताने घालावा आणि झाकून रात्रभर ठेवावं. रंग आपोआप गडद होतो. शक्यतो काळा रंग पूर्ण केकला नकोच, कडेला किंवा अक्षरांना पुरे. काही जण काळ्या रंगासाठी ॲक्टिव्हेटेड चारकोल घालतात. तो औषधं शोषून घेतो आणि त्यांचा परिणाम कमी करतो. रोजच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या केकमध्ये तो अजिबात नको. निळ्याचा घोटाळा वेगळा: बटर पिवळसर असतं, म्हणून निळा हिरवट होतो. आधी टूथपिकच्या टोकावर येईल एवढा जांभळा घालून पिवळेपणा मारावा, मग निळा. राखाडीलाही हाच उपाय. चॉकलेटमध्ये मात्र पाण्यावर आधारलेला जेल कलर घालू नये, ते क्षणात आवळून घट्ट गोळा होतं. त्यासाठी तेलावर आधारलेले रंग मिळतात.

नट-बोल्टना धातूची चकाकी आणणाऱ्या पावडरीबद्दल जरा कडक शब्दांत लिहायला हवं. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असणं म्हणजे ती खाण्याची असणं नव्हे. ‘एडिबल’ असं लिहिलेलं आणि खाली घटकांची यादी असेल तरच ती केकवर वापरावी. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये अशा पावडरींबद्दल अहवाल प्रसिद्ध केला आहे; त्यातल्या ऱ्होड आयलंडच्या प्रकरणात केकवरच्या पावडरीतून तांबं आणि मिसुरीच्या प्रकरणात शिसं पोटात गेलं होतं. खरे स्क्रू, खिळे, तारा केकमध्ये खोचण्याची फॅशनही बंद व्हायला हवी. लहान बाटली ठेवायचीच असेल तर तिचा केकमध्ये जाणारा भाग फॉइलने गुंडाळावा.

नाव लिहिण्याविषयी. देवनागरी अक्षरं केकवर तिरकी-वाकडी होतात, कारण लिहिणारे कागदावरच्यासारखं टोक टेकवून ओढतात. वितळलेलं चॉकलेट भरलेल्या कागदी शंकूचं टोक दीड मिमी कापावं, ते पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर वर धरावं आणि चॉकलेटचा धागा खाली पडू द्यावा; हात फक्त त्याला वाट दाखवतो. आधी पट्टीच्या कडेने शिरोरेघेची हलकी खूण करायची, अक्षरं तिला टांगल्यासारखी लिहायची आणि खरी शिरोरेघ सगळ्यात शेवटी डावीकडून उजवीकडे एका दमात ओढायची. अक्षरांच्या वरच्या टोकांचं कमीजास्त तिच्याखाली झाकलं जातं. वेलांटी, मात्रा आणि रफारासाठी खुणेच्या वर एक सेंमी आणि उकारासाठी खाली तेवढीच जागा सोडावी. जोडाक्षर असेल तर अक्षराची उंची अडीच सेंमीच्या खाली नको, आतली पोकळी बुजते. २० सेंमीच्या केकवर लिहायला रुंदी मिळते १५ सेंमी, म्हणजे एका ओळीत सात-आठ अक्षरं. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ यात बसत नाही आणि बसवण्याची गरजही नाही. केक समोर आहे, मेणबत्ती पेटली आहे, प्रसंग कोणता ते सगळ्यांना कळलेलं असतं. नाव पुरे.

मेणबत्त्यांबद्दल एवढंच की पन्नाशीच्या पुढे वयाइतक्या लावू नयेत. जवळजवळ लावलेल्या इतक्या ज्योतींची धग माथ्यावरचं चॉकलेट मऊ करते. अंकांच्या दोन मेणबत्त्या लावाव्यात, आणि त्याही फळ्यांच्या कडेपासून दूर.

वेळेचा हिशेब उलटा मांडावा. मॉडेलिंग चॉकलेट आणि काळा रंग दोन दिवस आधी, फळ्या, चौकोन आणि मोहरे आदल्या दिवशी, केक भरून आवरण आदल्या संध्याकाळी, मांडणी त्याच दिवशी. फ्रिजमधून काढलेला केक खोक्यातच, झाकण न उघडता बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. हवेतली ओल मग खोक्यावर धरते, गनाशवर नाही. तरीही फॉन्डंटवर दव धरलंच तर पुसू नये, पंख्याखाली ते आपोआप सुकतं. पुसलं की चट्टा कायमचा राहतो.

यापुढे पुरवणीत केकची कल्पना छापताना छायाचित्राखाली तीन ओळी जोडाव्यात, अशी विनंती आहे: आवरण कोणतं, कोणता भाग किती तास आधी करायचा, आणि कापण्याआधी काय काढून ठेवायचं. तिसरी ओळ तर कधीच दिसत नाही. बुद्धिबळाचे मोहरे आणि हत्यारं आधी उचलून ताटलीत घ्यायची असतात. तबकडीला गरम पाण्यात बुडवून पुसलेली सुरी लागते आणि प्रत्येक कापानंतर ती पुन्हा पुसावी लागते. आणि फळ्यांवर सुरी चालवायची नसते. दोन फळ्यांच्या फटीत ती उभी घालून खाली दाबायची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन अख्ख्या फळ्या येतात.

आपली,
केक-सजावटीचं काम करणारी एक वाचक